कपाचा भाव

नाशकात रविवार कारंज्याजवळच्या जुन्या किराणा दुकानात जा, कॉलेज रोडच्या सुपरमार्केटात जा किंवा सिडकोतल्या कोपऱ्यावरच्या दुकानात जा. काउंटरवर लोंबणाऱ्या कॉफीच्या पुड्या आणि मागच्या फळीवर रचलेली तयार मिक्सची पाकिटं सगळीकडे तीच. घेणारा पाकिटावरची किंमत बघतो आणि ठरवतो. पण पाकीट कुणी खात-पीत नाही. पोटात जातो तो एक कप, एक ताटली, आणि भाव काढायचा तो त्याचाच. त्यात दूध, गॅस आणि वेळही धरायला हवा. अर्धी वापरून दगड झालेली कॉफीची बरणी, एकदा करून बघून मागे सरकवलेलं ढोकळ्याचं पाकीट, या घरातल्या सगळ्यात महाग वस्तू असतात, मग त्या कितीही सवलतीत आणलेल्या असोत.

आधी कॉफी, कारण स्वस्त आणि महाग यांचा घोळ तिच्यात सगळ्यात जास्त आहे.

पाकिटावर एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात एका ग्रॅमची किंमत छापलेली असते. बहुतेक पाकिटांवर ती कायद्यानेच छापावी लागते आणि नेमकी तीच कुणी वाचत नाही. समजा, ५० ग्रॅमची काचेची बरणी २२५ रुपयांना आहे. म्हणजे ग्रॅमला साडेचार रुपये. शेजारी दहा रुपयांची अडीच ग्रॅमची पुडी लटकते आहे, म्हणजे ग्रॅमला चार. बरणी मोठी म्हणून स्वस्तच पडणार, हे गृहीत इथे कोसळतं. काचेचे आणि झाकणाचे पैसे कुणीतरी भरतच असतो. दुधाच्या एका कपाला दोन ग्रॅम कॉफी पुरते. म्हणजे कॉफी आठ-नऊ रुपयांची. दूध लिटरला साठ रुपये धरलं तर दीडशे मिलीचे नऊ रुपये. दूध कॉफीइतकंच महाग आहे, हे एकदा लक्षात आलं की कॉफीत रुपया वाचवून नऊ रुपयांचं दूध बेचव करण्यात काही हशील नाही, हे आपोआप कळतं. उलट, त्याच पैशात चांगली कॉफी मिळत असेल तर तिला नाकारण्याचंही कारण नाही.

आता पाकीट उलटं करा. मागे एक ओळ सापडेल: या मिश्रणात कॉफी इतके टक्के, चिकोरी इतके टक्के. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावीच लागते. बाकीची ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. आपल्याकडे ते गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. त्यात कॅफिन नसतं. रंग मात्र गडद, चव गोडसर-कडू, आणि कपाला दाटपणा भरपूर. छापून सांगितलेली चिकोरी ही भेसळ नाही आणि तिला नाकं मुरडायचंही काही कारण नाही. ७०-३० च्या मिश्रणाची दुधातली कॉफी शुद्ध कॉफीपेक्षा भरदार लागते, कारण दुधाच्या स्निग्धपणापुढे नुसती कॉफी पातळ पडते. काळी कॉफी पिणाऱ्याने मात्र चिकोरीच्या वाटेला जाऊ नये. बिनदुधाच्या कपात तिची जळक्या साखरेसारखी चव जिभेवर एकटीच उरते. बाजारात नेसकॅफे क्लासिक शुद्ध कॉफीची, तर ब्रू इन्स्टंट आणि सनराइज चिकोरीच्या मिश्रणाच्या. तिन्ही एकाच फळीवर असतात आणि लोक त्यांना एकाच मापाने मोजतात. ‘ही कडक आहे’ असं ज्या कॉफीबद्दल म्हटलं जातं, ती पुष्कळदा फक्त गडद असते. झोप उडवायला हवी असेल तर रंगाकडे बघू नका, टक्क्यांकडे बघा.

दाणेदार म्हणजे भारी, ही दुसरी समजूत. इन्स्टंट कॉफी म्हणजे कारखान्यात एकदा काढून झालेली कॉफी. तिचा दाट अर्क उंच मनोऱ्यात गरम हवेत फवारतात. पाणी उडतं, पूड खाली पडते, आणि पाण्याबरोबर बराचसा वासही उडतो. हीच पूड वाफेने जराशी ओलावून एकमेकींना चिकटवली की होते दाणेदार कॉफी. ती पाण्यात पटकन विरघळते, दिसायला छान दिसते, पण चव जवळपास पुडीचीच. तिसरा प्रकार वेगळा. अर्क गोठवून, निर्वात पेटीत त्यातला बर्फ थेट वाफ करून काढून टाकतात. याचे तुकडे टोकदार, थोडे फिकट आणि चमकदार असतात. वास खरोखर टिकतो आणि किंमतही खरोखर वाढते. ‘फ्रीझ ड्राइड’ हे शब्द पाकिटावर शोधायचे. ते नसतील तर दाण्याच्या आकाराचे जादा पैसे देऊ नयेत.

चव कशी घ्यायची, यालाही पद्धत आहे. तीन पुड्या आणा, तीन सारखे कप घ्या. पुडीवर वजन छापलेलं असतं, त्यामुळे वजनकाटा लागत नाही. चमच्याने मात्र मोजू नका, कारण दाणेदार कॉफी हलकी असते आणि त्याच चमच्यात कमी बसते. पुड्यांची वजनं वेगळी असतील तर पाणी त्या प्रमाणात बदला: दोन ग्रॅमला दीडशे मिली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचावर आहे, इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. उकळी आल्यावर गॅस बंद करून मिनिटभर थांबा आणि मग ओता. साखर नाही, दूध नाही. आधी वास घ्या. मग गरम असताना एक घोट, कोमट झाल्यावर एक, आणि पार गार झाल्यावर एक. हा शेवटचा घोट सगळ्यात महत्त्वाचा. गरम कपात जीभ भाजत असते, तिला दोष दिसत नाहीत. गार कपात रबरासारखा वास, राखेची चव, टाळूला चिकटणारा कडवटपणा सगळं उघडं पडतं. जी कॉफी गार झाल्यावरही पिववते, ती विकत घ्यायला हरकत नाही. त्यानंतरच दूध-साखर घालून दुसरी फेरी करा, कारण घरात ती तशीच प्यायली जाणार आहे. काही कॉफ्या काळ्या कपात हरतात आणि दुधात जिंकतात.

दुधाच्या कॉफीत सगळ्यात जास्त नुकसान चहाच्या सवयीने होतं. दूध गॅसवर असतानाच कॉफी टाकायची आणि दोन उकळ्या काढायच्या. चहापत्तीतून अर्क काढायचा असतो म्हणून ती उकळावी लागते. इन्स्टंटमधला अर्क आधीच निघालेला असतो. उकळून उरलासुरला वास तेवढा जातो आणि कडूपणा वर येतो. कपात कॉफी आणि साखर घ्या, चमचाभर कोमट पाण्यात विरघळवा, वरून गरम दूध ओता. फेसाळ हवी असेल तर दोन चमचे कॉफी, दोन चमचे साखर, दोन चमचे पाणी घेऊन तीन-चार मिनिटं फेटा; रंग विटकरीवरून बदामी होईपर्यंत. साखरेने पाणी दाट होतं आणि हवेचे बुडबुडे धरून ठेवतं, म्हणून साखर कमी केली की फेस बसतो. फेटताना पाण्याऐवजी दूध घेतलं तर त्यातली स्निग्धता फेस मोडते. गार दुधात पूड थेट टाकली की गुठळ्या ठरलेल्याच. तिथेही आधी चमचाभर कोमट पाणी.

फिल्टर कॉफीची पूड आता नाशकातल्या मोठ्या दुकानांत सहज मिळते आणि कपाच्या हिशेबात ती अनेकदा इन्स्टंटपेक्षा स्वस्त पडते. त्यासाठी स्टीलचा दोन मजली फिल्टर लागतो, एवढाच एकदाचा खर्च. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम पूड घ्यायची, दट्ट्याने हलकेच सपाट करायची आणि १२० मिली उकळतं पाणी गोल फिरवत ओतायचं. पंधरा-वीस मिनिटांत खाली ऐंशी मिलीच्या आसपास डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, जमतं; बाकीचं पाणी पूड पिऊन घेते. एका भागाला तीन भाग गरम दूध घातलं की तीन छोटे कप होतात. डिकॉक्शन पाच मिनिटांतच खाली आलं आणि पातळ दिसलं, तर पूड जाड आहे किंवा नीट दाबलेली नाही. तासभर थेंबही पडला नाही, तर पूड फार बारीक आहे, फार दाबली गेली आहे किंवा भोकं बुजली आहेत. वरचं भांडं किंचित उचलून परत ठेवा, अडकलेली हवा सुटते आणि थेंब सुरू होतात. तरीही नाही, तर पुढच्या वेळी भांडं रिकामं करून तळ गॅसच्या आचेवर धरा, भोकांतला चिकटा जळून जातो. चिकोरी जास्त असलेली पूड पाण्यात फुगते, तिच्यातून पाणी सावकाश उतरतं, हेही ध्यानात असू द्या. सुट्या पुडीत चिकोरी आहे का, हे बघायचं तर पेलाभर गार पाण्यावर चिमूटभर पूड भुरभुरा आणि ढवळू नका. कॉफी तरंगते; चिकोरी तपकिरी रेघ सोडत तळाला जाते. इन्स्टंटला ही परीक्षा लागू नाही, ती सगळीच विरघळते.

कॉफी, साखर आणि दूधपूड एकत्र असलेल्या ‘थ्री इन वन’च्या पुड्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. त्यात पहिला शब्द साखर असेल तर आपण कॉफीच्या भावाने साखर विकत घेतो आहोत. प्रवासात ठीक, घरी नको.

किमतींबद्दल एक गोष्ट. २०२४-२५ मध्ये जगभरात कॉफीच्या बियांचे भाव विक्रमी चढले होते आणि त्याची झळ आपल्या पुडीपर्यंत आली. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून इन्स्टंट कॉफीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, बिस्किटांवरचाही तसाच. म्हणून डोक्यात बसलेल्या जुन्या किमतीवरून कुठली कॉफी स्वस्त हे ठरवू नये. शिवाय पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांत किंमत हलत नाही, वजन हलतं. ग्रॅमची किंमत दर वेळी नव्याने वाचावी लागते.

तयार मिक्समध्ये हिशेब वेगळा. इथे पैसे वाचत नाहीत. रवा, डाळ, सोडा, फोडणी वेगवेगळं आणलं तर नेहमीच स्वस्त. आपण विकत घेतो तो वेळ, आणि तो चांगला विकला गेला आहे का, एवढंच बघायचं. रवा इडलीचं मिक्स या कसोटीवर सगळ्यात खरं उतरतं. मुळात रवा इडलीचा जन्मच टंचाईतला. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा बंगळूरच्या एमटीआर या उपाहारगृहाने रव्याची इडली करून बघितली, असं ते सांगतात. मिक्समध्ये भाजलेला रवा, फोडणी, काजूचे दोन-चार तुकडे आणि सोडा असतो. यादीत तो ‘५०० (ii)’ असा आकड्याने लिहिलेला सापडतो. एक वाटी मिक्सला साधारण एक वाटी आंबट दही आणि लागेल तसं पाणी. दही पडताक्षणी सोडा आंबटपणाशी भिडतो आणि बुडबुडे सुटायला लागतात. इथून पुढे घड्याळ चालू आहे. इडलीपात्रात पाणी आधीच उकळत ठेवा, साचे आधीच तेलाचं बोट फिरवून ठेवा, मग मिश्रण भिजवा. पाकिटावर सांगितली तेवढी मिनिटं रवा फुगू द्या, घट्ट वाटलं तर चमचाभर पाणी घाला, एकदाच हलक्या हाताने हलवा आणि भरा. दहा-बारा मिनिटं वाफ. मिश्रण भिजवून पाहुण्यांची वाट बघत अर्धा तास बसलात तर गॅस निघून जातो आणि इडल्या चपट्या, दडदडीत होतात. मग दोष मिक्सला दिला जातो.

कधीकधी दोष मिक्सचाच असतो. ढोकळा किंवा इडलीच्या पाकिटात सोडा आणि सायट्रिक आम्ल (आकडा ३३०) शेजारी शेजारी असतील आणि पाकिटात दमट हवा शिरली असेल, तर ते पाकिटातच एकमेकांना संपवून बसतात. तारीख शाबूत, पण मिक्स मेलेलं. भिजवण्याआधी चमचाभर मिक्सवर चमचाभर पाणी घालून बघा. ज्यात आम्ल आधीच आहे ते लगेच फसफसलं पाहिजे. नुसता सोडा असलेल्या मिक्सवर पाण्याऐवजी लिंबू पिळा. काहीच झालं नाही तर वाफवायच्या अगदी आधी वाटीभर मिक्सला पाव चमचा सोडा किंवा अर्धा चमचा इनो घाला, काम निभावतं.

दिवाळीत खपणाऱ्या गुलाबजाम मिक्सचं बिघडतं ते मळण्यात. कणकेसारखं तिंबलं की आत गाठ राहते. पाण्याचा हात लावत फक्त गोळा जमवायचा, पाच मिनिटं झाकायचा, भेगा न ठेवता छोटे गोळे वळायचे. तेल मंद हवं: टाकलेला गोळा तळाला जाऊन सावकाश वर आला पाहिजे. अर्ध्या मिनिटात लाल झाला तर आत कच्चा राहणार.

गरम पाणी ओतून आठ मिनिटांत तयार होणारे कपातले पोहे-उपमा नाशकाच्या डिसेंबर-जानेवारीत हमखास कच्चे राहतात, कारण कप गार असतो आणि पाणी ओतताच त्याची उष्णता जाते. पाणी खळखळतं हवं, रेघेपर्यंत मोजून, आणि झाकणावर ताटली. कपाऐवजी गरम पाण्याने विसळलेल्या स्टीलच्या डब्यात केलं तर आणखी बरं. बहुतेक इन्स्टंट नूडल्स तळून वाळवलेल्या असतात, म्हणून त्या लवकर शिजतात आणि म्हणूनच जुन्या झाल्या की खवट लागतात. पाकीट उघडताच वास घ्या. मसाल्याची पुडी पूर्ण घालायची सक्ती नाही. अर्धी घालून वर कांदा, मटार, लिंबू घातलं तर मीठ बरंच कमी होतं आणि ताटलीही भरते.

पाकिटाच्या पुढच्या बाजूवरच्या चित्राचा एक उपयोग आहे. एखाद्या पदार्थाचं नाव किंवा चित्र ठळक दाखवून माल विकला, तर तो पदार्थ किती टक्के आहे हे सांगणं बंधनकारक असतं. हे नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, बाबतीत विशेष कामाला येतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरउतारावर पिकणारी नागली आता बिस्किटं, पापड, सत्त्व, माल्ट अशा रूपांत नाशकाच्या फळ्यांवर दिसते, आणि ते फार चांगलं आहे. नागलीत १०० ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. गव्हा-तांदळात त्याच्या जवळपासही नाही. पण नागलीचं बिस्किट म्हणून घेतलेल्या पुड्यात पहिला घटक मैदा आणि नागली दहा-बारा टक्के असेल, तर ते मैद्याचं बिस्किट आहे. माल्टमध्ये साखर पहिली असेल तर तेच. बचतगटांची साध्या पिशवीतली नागलीची पिठं आणि सत्त्वं पुष्कळदा यात सरस ठरतात: यादीत एकच शब्द, आणि भाव माल्टच्या निम्मासुद्धा नाही. पिशवीवर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक आणि पॅकिंगची तारीख असली की झालं. सत्त्व दोन चमचे घेऊन आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्या दीड वाटी पाण्यात किंवा ताकात धार धरून सोडत हलवत राहायचं. ताक घेतलं तर ते मंद आचेवर, उकळी न येऊ देता, नाहीतर फाटतं. थेट उकळत्यात पूड टाकली की गुठळी बाहेरून शिजते आणि आत कोरडी राहते, ती नंतर कितीही घोटली तरी मोडत नाही.

नाशकात पाकीटबंद खाण्यात चिवड्याचा मान मोठा. कोंडाजीचं नाव तर बाहेरगावचे पाहुणेही घेतात. तळलेला कांदा-लसूण घातलेल्या चिवड्याला आधी मऊपणा आणि मग खवटपणा कांद्यापासूनच येतो. म्हणून पाकीट उघडल्यावर एक कांद्याचा तुकडा वेगळा चावून बघा. तो कुरकुरीत असेल तर बाकी चिवडा ठीकच असतो. मऊ पडला असेल आणि वास चांगला असेल, तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवा, पूर्ण गार करा, मगच डब्यात भरा. खवट वास मात्र कशानेच जात नाही. टोमॅटो केचपचं तर पिंपळगाव बसवंत-दिंडोरीच्या टोमॅटोपट्ट्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: टोमॅटो पेस्टचे टक्के बघायचे. नुसतंच ‘सॉस’ लिहिलेल्या, यादीत स्टार्च, रंग आणि मागे कुठेतरी टोमॅटो असलेल्या बाटल्या वेगळ्या जातीच्या असतात.

आषाढ-श्रावणात या सगळ्याची परीक्षा होते. इन्स्टंट कॉफी हवेतलं पाणी ओढून घेते. उकळत्या दुधाच्या पातेल्यावर बरणी धरून चमच्याने कॉफी काढली की प्रत्येक वेळी वाफ आत जाते आणि आठवड्याभरात ढेकूळ बनतं. कॉफी ओट्यापासून लांब, कोरड्या चमच्याने, आधी कपात काढायची. घट्ट झालेली कॉफी बुरशी नसेल तर वाया गेलेली नसते. गरम पाण्यात विरघळवून वापरता येते. मोठी बरणी आणली असेल तर आठवड्यापुरती छोट्या बाटलीत काढून बाकीची बंदच ठेवावी. फिल्टरची पूड उघडल्यावर दोन-तीन आठवड्यांत वास सोडते, म्हणून पावसाळ्यात १०० ग्रॅमच्या वर घेऊच नये. फ्रीजमध्ये ठेवायची असेल तर झाकण पक्कं हवं. बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका कोमट होईपर्यंत उघडू नका, नाहीतर पुडीवरच दव धरतं.

मोठ्या दुकानांत तारीख जवळ आलेल्या मालाचा एक वेगळा कोपरा असतो, निम्म्या किमतीचा. नवे पदार्थ चाखून बघायला यासारखी जागा नाही, फक्त दोन शब्द ओळखायला हवेत. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्यानंतर चव उतरू लागेल. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर खायचं नाही. तारीख जवळ आलेली इन्स्टंट कॉफी, साखर-मीठ जास्त असलेले सॉस, कोरड्या शेवया खुशाल घ्याव्यात. तळलेलं काहीही, सोडा असलेली मिक्स आणि शेंगदाणे-काजू घातलेले पदार्थ तिथून घेऊ नयेत; त्यांचं बिघडणं तारखेची वाट बघत नाही. आणि त्या कोपऱ्यात ‘एकावर एक फ्री’ लिहिलेलं असेल, तर दोन्ही पाकिटं तारखेच्या आत घरात संपणार आहेत का, हे मोजूनच हात पुढे करावा.